संकासुराचं बोलणं

"ह्यां लाल कित्याक गो बाय?"

आपा मेस्तांचं बोट टेपरेकॉर्डरच्या त्या कळीवर पडायच्या आत मी त्यांचं मनगट धरलं. "आपा, नका, नका! ती दाबली की मशीन ऐकायला लागतं. समोर जो आवाज होईल तो टेपवर उमटतो."

"आणि आदी काय उमाटलेला आसात तर?"

"ते पुसलं जातं. जुनं जातं आणि त्या जागी नवं बसतं."

"म्हणजे सुनेसारख्या," आपा म्हणाले. "इली काय सासू भायर."

देवळाच्या सभामंडपात बसलेली सगळी मंडळी हसली, मीही हसले.

आणीबाणीचा हिवाळा होता तो. कुडाळच्या पलीकडचं गाव. नाव सांगत नाही; तिथली माणसं अजून तिथं आहेत आणि मला कुणाच्या दारात पुन्हा जीप उभी करायची नाही. मी सरोजिनी हर्डीकर, मूळची मिरजेची, तेव्हा दिल्लीच्या राष्ट्रीय रंगकला मंडळात कनिष्ठ अधिकारी होते. देशभरच्या कलावंतांना सरकारी अनुदान देणारी ही संस्था. आम्ही गावोगाव जायचो, खेळ बघायचो, मशीनवर उतरवून घ्यायचो आणि दिल्लीला जाऊन सांगायचो की यांना द्या, त्यांना नको. मंडळ सुरू झालं तेव्हा पहिल्या अध्यक्षांनी एक शिस्त घालून दिली होती. ते म्हणायचे, "पैसे द्या आणि गप्प बसा. कलावंत काय बोलतो ते विचारणारे आपण कोण?" पुढची वीस वर्षं मंडळानं ती पाळलीही. आणीबाणीत नवे सचिव आले आणि ती शिस्त गेली खड्ड्यात. आता प्रत्येक पाहणीला मंत्रालयाचा एक निरीक्षक येऊ लागला होता. आमच्या या पाहणीला मात्र कुणी आलेलं नव्हतं. मला वाटलं, चला, सुटलो.

अनुदान मागणारी मंडळी दशावताराची होती. दशावतार म्हणजे कोकणातल्या देवळांतला खेळ, एरवी जत्रेत रात्रभर चालणारा. आमच्यासाठी म्हणून त्यांनी तो भर दुपारी लावला होता. त्यातला संकासुर म्हणजे ब्रह्मदेवाचे वेद चोरणारा राक्षस. देवांची सगळी गाणी आणि भाषणं ठरलेली असतात, संकासुराचं काहीच ठरलेलं नसतं. तो येतो आणि तोंडाला येईल ते बोलतो, गावच्या सावकारापासून वरच्या देवापर्यंत कुणालाही सोडत नाही. त्याचं बोलणं कुणी मनावर घ्यायचं नाही, अशी तिकडची रीतच आहे. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो आणि लोक घरी जातात.

आपा मेस्त धंद्यानं सुतार होते, साठीला आलेले, दम्यानं बेजार. पण तो काळा मुखवटा चढवला की या माणसाच्या अंगात काय शिरायचं देव जाणे! आदल्या वर्षी मी एका जत्रेत त्यांना ऐकलं होतं आणि तेव्हाच ठरवलं होतं, की यांचं बोलणं दिल्लीला न्यायचं.

त्यात एकच अडचण होती. आमच्याकडचा टेप परदेशातून यायचा आणि मंडळ तो तुपासारखा जपून वाढायचं. म्हणून नियम होता: फक्त गाणं आणि वाजवणं उतरवून घ्यायचं. बोलणं सुरू झालं की मशीन बंद. आणि हा नियम करणारे गृहस्थ माझ्या शेजारीच बसलेले होते. प्रोफेसर हेब्बार, उडुपीचे, मोठे पंडित, मंडळाचे परीक्षक. कोल्हापूरपासून कुडाळपर्यंत मोटारीत आमचं त्यावरून वाजलं होतं.

"बोलणं रोज बदलतं, हर्डीकर," ते म्हणाले होते. "रोज बदलणारी गोष्ट जपून काय ठेवायची?"

"रोज बदलते म्हणूनच जपायची ना, सर! न बदलणारी कुठं पळून चाललीय?"

"तू वकील व्हायला हवी होतीस."

"वडील तेच म्हणायचे. पण ते चिडून म्हणायचे."

हेब्बार सर घरी कोकणी बोलायचे, त्यामुळं त्यांना मालवणी समजायची. त्या दुपारी खेळाआधी ते आपांना मोठ्या कौतुकानं सांगत होते, "आमच्या मंडळाच्या दारावर कोरलेलं आहे, नाट्य म्हणजे पाचवा वेद."

"पाचवो पण आसा?" आपांनी डोळे मोठे केले. "माका ठावक नाय. मी आपलो चारच चोरतंय."

सर बाहेर गेले तशी मी आपांच्या कानाशी लागले. "आपा, आज मी मशीन बंद करणार नाहीये. तुमचं सगळं बोलणं धरून ठेवणार."

"बोलणां वाऱ्यार जावचा, बाय. धरून ठेवलास तर कुसतला."

"नाही कुजत. माझा शब्द आहे. तुम्ही नसाल तेव्हाही लोक ऐकतील."

आपा हसले. मग म्हणाले, "धर तर." त्यांना बरं वाटलं होतं हे मला दिसलं.

खेळ सुरू झाला. गणपतीचं गाणं झालं, सरस्वती नाचून गेली. आणि मग काळा पायघोळ अंगरखा, डोक्यापासून गळ्यापर्यंत काळं कापड, त्यावर लोंबणारी लालभडक जीभ असा संकासुर उडी मारून आत आला. मी मशीनवर हात ठेवला, बंद केल्यासारखं केलं आणि चालूच ठेवलं.

पेटीवाल्या नाईकानं विचारलं, "संकासुरा, खंयसून इलंस?"

"दिल्लीसून."

"दिल्लीत काय बगलंस?"

"काय बगतलंय? माका बगल्याबरोबर धरल्यानी. म्हणतत, संकासुरा, तुका मरूचा आसा ता मर, पण पयली नसबंदी करून घे!"

देऊळ हसून दणाणलं. मीही हसत होते. त्या दिवसांत असं उघड्यावर कुणी बोलत नव्हतं. घरात बोलतानासुद्धा लोक खिडक्या लावायचे. बंदोबस्ताला आलेले फौजदार दळवी एवढे हसले, की त्यांची टोपी पडली. आणि संकासुर थांबतोय कुठला! तो नाईकाच्या पेटीवर हात आपटून ओरडला, "मी चार वेद चोरलंय म्हणान माका मारूक विष्णू येता. आणि ज्यांनी अख्ख्या मुलखाची तोंडां चोरली, त्यांका तुमी हार घालतास!"

सगळे असे हसले, की म्हाताऱ्या बाया डोळ्यांना पदर लावायला लागल्या. हेब्बार सरांचा चष्मा नाकावर आला होता. हसता हसता मी मागं वळून बघितलं, तर शेवटच्या खांबाशी एक गृहस्थ उभे. अंगात राखी सफारी, हातात पातळ बॅग. बूट काढून, मोजे घालून, अगदी रीतसर उभे होते. त्या देवळात हसत नसलेला तो एकच माणूस होता.

ते तनेजा होते, मंत्रालयाचे निरीक्षक. रत्नागिरीहून येताना जीप बिघडली म्हणून उशीर झाला होता, एवढंच.

संकासुर बोलत राहिला आणि मी तशीच बसले, मशीनवर हात ठेवून. हसू कुठल्या कुठं गेलं. पाव तासानं विष्णूचं गाणं सुरू झालं, संकासुर मेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाईकानं सांगितलं, थोडा विसावा घेऊन पुढचं आख्यान करू.

तनेजा आमच्याजवळ आले, हात जोडले. बोलणं सगळं हिंदीत.

"प्रोफेसरसाहेब, मला मराठी येत नाही. लोक एवढे कशाला हसले?"

"राक्षस आहे तो," हेब्बार सर म्हणाले. "विदूषकासारखा. असंच काहीबाही."

"दिल्लीचं नाव आलं. मी ऐकलं." तनेजांनी दळवींकडं बघितलं. "फौजदार, काय म्हणाला तो?"

दळवींनी टोपी सरळ केली. "साहब, मेरी जरा आँख लग गयी थी."

"नाव काय त्याचं?"

"संकासुर, साहब."

"खरं नाव."

"खेळ संपेपर्यंत खरं नाव घेत नाहीत, साहब. देवाचं काम आहे."

तनेजा चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे माझ्यासमोरच्या मशीनकडं बोट केलं. "हरकत नाही. सगळं इथं असेलच. हा टेप मी मुंबईला नेतो. तिथं भाषांतर करून घेऊ. त्याआधी एकदा वाजवून दाखवा, म्हणजे कुठल्या जागेवर काय आहे ते मला लिहून घेता येईल."

देवळाशेजारी शाळेची खोली होती, तिथं मास्तरांच्या टेबलावर मशीन नेऊन ठेवायचं ठरलं. तनेजा पुढं गेले. मी मशीन उचलायला गेले. हेब्बार सर माझ्याजवळ वाकले.

"तू बंद केलं होतंस ना?" ते कुजबुजले. "नियमाप्रमाणं?"

मी नाही म्हणून मान हलवली. 

"अगं पोरी!" ते म्हणाले. "साताऱ्याकडचा तो शाहीर ठाऊक आहे ना तुला, दिवाळीत उचलला तो? आपल्याच टेपवरून उचलला. गाण्यातच बोलला होता बिचारा. आपल्या माणसानं उतरवून घेतलं आणि सचिवांनी पुढं पाठवलं. अजून कुठल्या तुरुंगात आहे, ते घरच्यांनासुद्धा माहीत नाही."

मला हे माहीत नव्हतं. दिल्लीत आम्हाला कुणी काही सांगत नसे. मी माझ्या हौसेनं, माझ्या शहाणपणानं, दमेकरी म्हाताऱ्याच्या गळ्याभोवती फास टाकून ठेवला होता आणि वर त्याला शब्द दिला होता. तिथंच बसकण मारून रडावंसं वाटत होतं. पण रडायलासुद्धा फुरसत नव्हती.

खोलीत बाकं भिंतीला लावलेली होती. तनेजा मास्तरांच्या खुर्चीवर बसले, सर बाकावर, दळवी दाराशी उभे. मी टेबलापाशी उभी राहिले. माइक मशीनला लावलेलाच होता, तो टेबलावर आडवा ठेवला. टेप मागं गुंडाळून घेतला.

"लावा," तनेजा म्हणाले.

गणपतीचं गाणं लागलं. मग सरस्वतीचं. मी एकेक ओळ ऐकत होते आणि पुढं काय येणार ते मला ठाऊक होतं. गाणं संपेल, घुंगरं वाजतील, नाईक विचारील, "संकासुरा, खंयसून इलंस?" आणि मग सारं संपलं. टेप तोडून टाकावा? तनेजा दोन हातांवर बसले होते. मशीन पाडावं? पडलं तरी टेप शाबूतच राहणार. मी सरांकडं बघितलं. ते डोळे मिटून बसले होते, बहुतेक देवाचं नाव घेत असावेत.

सरस्वतीची शेवटची ओळ आली. आणि मला आठवलं, "इली काय सासू भायर."

गाणं संपल्याबरोबर मी मशीन थांबवलं. "गाणं इथं संपलं, साहेब. नियमाप्रमाणं मी मशीन बंद केलं. यापुढं विष्णूचं गाणं येईपर्यंत काही नाही."

"काही नाही कसं? तुमचा हात मशीनवरच होता. मी बघितलंय."

"बंद करायला ठेवला होता, साहेब. पुढचं गाणं आलं की लगेच चालू करावं लागतं ना."

"चालवा. बघू."

मी वाकले, पदर सावरल्यासारखं केलं आणि अंगठ्यानं लाल कळ दाबून बोटानं चालू केलं. चाकं फिरायला लागली. आवाज अर्थातच आला नाही. मशीन ऐकत होतं, बोलत नव्हतं. आत आपांचं एकेक वाक्य पुसलं जात होतं आणि त्या जागी आमची खोली बसत होती.

तनेजा कान देऊन ऐकत होते. "आवाज वाढवा."

"पूर्ण वाढवलाय, साहेब."

ते बोलले तशी मशीनवरची छोटी सुई टुणकन उडाली. मी बोलले तशी पुन्हा उडाली. मशीनमधलं कळणारा माणूस असता तर त्याला तेवढंच पुरलं असतं. मी पदर पुढं ओढला आणि सुईवर टाकला.  वाटत होतं, माझ्या छातीतली धडधड त्या टेपवर उमटत असणार.

"ठीक आहे," तनेजांनी सिगारेट पेटवली. "चलने दो. विष्णूचं गाणं येईपर्यंत ऐकू."

पाव तास! आणि त्यात आणखी एक मेख होती. विष्णूचं गाणं कुठं सुरू होतं ते मला अंदाजानंच धरायचं होतं. लवकर थांबवलं तर संकासुराचं शेवटचं बोलणं बाहेर पडणार, उशीर केला तर गाणंही पुसलं जाणार. मी चाकावरच्या टेपच्या जाडीवर डोळे लावून बसले.

तेवढ्यात हेब्बार सर बोलायला लागले. आयुष्यात त्यांनी दिलेलं सगळ्यात उत्तम व्याख्यान ते, असं मला आजही वाटतं. लोककलेत संगीत तेवढं महत्त्वाचं कसं, बोलणं म्हणजे नुसता भुसा कसा, खेडूत माणसाच्या बडबडीवर परदेशी टेप घालवणं हा देशद्रोह कसा, आणि हा नियम मंडळाच्या समितीपुढं स्वतः त्यांनीच कसा मांडला. मोटारीत मला ज्या गोष्टींची चीड आली होती, त्याच ते एकामागून एक सांगत होते आणि मी मनात म्हणत होते, बोला सर, बोलत राहा. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज जराही हलला नाही. तनेजा मान डोलवत होते. सरकारी माणसाला नियम लगेच पटतो.

मध्येच दार लोटून कुणीतरी आत आलं. मी वर बघितलं. आपा मेस्त! अंगात बनियन, कमरेला पंचा, खांद्यावर फडकं, हातात चहाच्या पेल्यांचं ताट. त्यांनी टेबलावर ताट ठेवलं. त्यांची नजर फिरत्या चाकांवर गेली, मग पदराखालून दिसणाऱ्या लाल कळीवर, मग माझ्या तोंडावर. सगळं किती भरभर कळलं त्यांना! मी डोळ्यांनीच म्हणत होते, जा, आपा, बाहेर जा.

पण ते गेले नाहीत. पेला घेऊन ते तनेजांसमोर कमरेत वाकले. अगदी गरीब गायीसारखा चेहरा करून, खालमानेनं काहीतरी बोलले. काय बोलले ते मला ऐकूच आलं नाही. कानात नुसता गुंई असा आवाज भरला होता आणि एकच भीती होती, की तनेजा हा आवाज ओळखणार.

"शुक्रिया," तनेजा म्हणाले आणि त्यांनी पेला घेतला.

हेब्बार सरांना एकदम ठसका लागला. चहा धोतरावर सांडला. दळवी पाठ फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. आपा रिकामं ताट घेऊन आले तसे निघून गेले.

चाकावर बोटभर टेप उरला तशी मी अंगठा उचलला, पदराआड मशीन थांबवून पुन्हा चालू केलं. क्षणभर काहीच नाही. मग विष्णूचं गाणं अर्ध्या ओळीतूनच सुरू झालं. थोडीशी ओळ मी खाल्ली होती.

"हे मधूनच?" तनेजांनी विचारलं.

"हात पोचायला उशीर झाला, साहेब."

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं.  मग सिगारेट विझवली आणि बॅग उचलली. "तुमच्या मंडळाचे नियम अजब आहेत," ते म्हणाले. "टेप तुमच्याकडेच राहू द्या. कुछ नहीं है इसमें."

जीप गेल्याचा आवाज ऐकला आणि मी शाळेच्या पायरीवर बसले.  हेब्बार सर आले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "हर्डीकर, बोलणं जपायचं नाही हा नियम मी बदलीन, हे दिवस सरले की." आणि आणीबाणी उठल्यावर त्यांनी तो खरंच बदलला.

निघताना मी आपांना गाठलं. "आपा, सगळं गेलं हो. तुमचं एक वाक्य राहिलं नाही. मी शब्द दिला होता."

"जांवदे गो बाय. बोलणां खंय जाता? फिरान येता." मग डोळा बारीक करून म्हणाले, "ती तुजी टेप एकदा ऐक पण."

मला वाटलं, माझी समजूत काढतायत. पुसलेला टेप ऐकून काय करू? माझ्या हातानं पुसलेला? माझ्यानं ते धाडस झालं नाही; सरांनाही त्या खोलीचा विषय मी पुन्हा कधी काढू दिला नाही. टेप मंडळाच्या संग्रहात जमा केला आणि लवकरच माझी बदली दुसऱ्या विभागात झाली. मंडळींना अनुदान मिळालं. आपा मात्र पुढच्या पावसाळ्यात दम्यानं गेले. त्यानंतर त्या बाजूला पुष्कळ संकासुर झाले, मी पुष्कळ ऐकले. आता बोलणंही उतरवून घेता येत होतं, पण बोलणारा तो नव्हता. आपांचा आवाज जगात कुठंच राहिला नाही आणि तो पुसणारी मी, हे मनात सलत राहिलं.

पुढं मंडळाला पन्नास वर्षं झाली. निवृत्त माणसांना बोलावून संस्थेचा इतिहास लिहायचं ठरलं आणि लोककलेचा भाग माझ्या गळ्यात पडला. जुने टेप संगणकावर चढवायचं काम चालू होतं. त्या तळघरात जसलीन नावाची हुशार मुलगी बसायची. एके दिवशी ती म्हणाली, "मॅडम, हा कोकणातला टेप तुमच्या सहीचा आहे. दोन गाण्यांच्या मध्ये खोलीतला नुसता आवाज आहे, पंधरा मिनिटं. संगीत काहीच नाही. आम्ही असले तुकडे कापून टाकतो. कापू ना?"

"थांब," मी म्हटलं. "एकदा ऐकव."

तिनं लावलं. प्रथम तनेजा. "आवाज वाढवा." मग माझा आवाज, कोवळा आणि कापरा. मग हेब्बार सर, आता तेही या जगात नाहीत, भुसा म्हणजे काय ते समजावून सांगताना. मी खुर्ची पुढं ओढली. दार करकरलं. ताट ठेवल्याचा आवाज आला. आणि मग माइकच्या अगदी जवळ, नोकरासारख्या नरम सुरात, पण एकेक अक्षर सुटं, आपा मेस्त बोलले:

"च्या घ्या, सायबानू. चार मी न्हेलंय. पाचवो तुमच्या नाकाखालसून ह्या बायन न्हेल्यान. वास तरी इलो काय?"

"शुक्रिया," तनेजा म्हणाले. पाठोपाठ सरांचा ठसका.

चार वेद संकासुरानं चोरले आणि पाचवा मी! आपांना ठाऊक होतं. मशीन ऐकतंय हे त्या खोलीत मला आणि त्यांनाच ठाऊक होतं. जीव टांगणीला लागलेला असताना तो म्हातारा मुद्दाम आत आला, मुद्दाम माइकपाशी वाकला आणि मंत्रालयाच्या तोंडावर बोलून गेला. आणि मी एवढी वर्षं ऐकलं नाही! मी हसायला लागले आणि हसता हसता मला रडू फुटलं. जसलीन घाबरून उठली.

"मॅडम, क्या कहा उन्होंने?"

"सांगते. आधी ते कापू नकोस."

"पण मॅडम, यात संगीत नाहीये."

"बोलणं आहे ना. बोलणं ठेवायचं."

तिनं मान हलवली आणि संगणकावर नोंद करायला बसली. "नाव काय लिहू?"

खेळ आता संपला होता. नाव घ्यायला हरकत नव्हती.

"लिही," मी म्हटलं. "संकासुर, आपा मेस्त."